आखूड मैदान

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात मला ‘या संकुलाचा कणा’ म्हटलं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. कणा वगैरे काही नाही हो. मी मैदानावर पाणी मारायचो, रोलर फिरवायचो, रेषा आखायचो आणि रेषेवरून बूट घासत जाणाऱ्यांना शिव्या घालायचो. हुद्द्याचं नाव ‘मैदान सेवक’. पोरं तोंडावर भोईरकाका म्हणायची आणि पाठीमागे काय म्हणायची ते मला माहीत आहे, पण दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

अंबरनाथहून बदलापूरकडे येताना विद्यापीठाच्या आवाराचं कुंपण संपतं, तिथे आमचं संकुल लागतं. दोनशे मीटरचा ट्रॅक असलेलं मैदान, मैदानाच्या कडेला सभागृह आणि सभागृहाच्या डोक्यावर अभ्यासिका. ज्याने हा नकाशा काढला त्याने जन्मात एकतर अभ्यास केला नसणार किंवा नाटक तरी पाहिलं नसणार. वर साठ पोरं एमपीएससी, पोलीस भरती, बँक असं काय काय घोकत बसलेली आणि खाली युवा महोत्सवाच्या तालमी. वरून अभ्यासिकेच्या सुरेखाताई पायाने जमिनीवर ठोकायच्या, खालून ढोलकीवाला त्याच तालात उत्तर द्यायचा.

एकदा खाली एकांकिकेची तालीम चालू होती. नायिकेने ‘वाचवा, वाचवा’ असा टाहो फोडला. ती मुलगी गुणी होती, खरोखर काळजाचं पाणी व्हावं असा आवाज. वर भरतीची तयारी करणारी चौदा पोरं होती. चौदाच्या चौदा पुस्तकं टाकून जिना उतरली आणि दार ढकलून स्टेजवर गेली. खलनायकाचं काम करणारा वाणिज्य शाखेचा एक बारकासा विद्यार्थी होता, त्याला त्यांनी असा काही धरला की त्याचा चष्मा आजवर सापडलेला नाही. त्या दिवसापासून नियम झाला की तालमीत आरडाओरडा असेल तर जिन्याच्या कठड्याला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की वरची मंडळी कुणीही मेलं तरी जागची हलायची नाहीत.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. लोकांना वाटतं मैदान म्हणजे मोकळी जागा. मोकळी जागा आणि मैदान यात तेवढाच फरक आहे जेवढा पीठ आणि भाकरीत. मैदानाला मुरूम लागतो, पाणी लागतं, पाणी मुरल्यावर आणि चिखल व्हायच्या आत रोलर लागतो. त्यावर फक्की. फक्की म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी. काही ठिकाणी चुना वापरतात. मी कधी वापरला नाही, कारण कबड्डीत पोरगा तोंडावर पडला आणि चुना डोळ्यात गेला तर ती जोखीम रेषा आखणाऱ्याची. दोरी ताणायची, दोरीवर फक्कीची गाडी चालवायची आणि उलट्या पावलांनी मागे यायचं. पुढे चालत आखणारा माणूस आपलीच रेषा तुडवतो.

आमचं घराणं बदलापूर गावातलं, शेतीवालं. माझा बाप शेताचा बांध नजरेने सरळ धरायचा. मला तोच गर्व होता. टेप न लावता कबड्डीचं मैदान आखून दाखवायचो आणि मग टेप लावून लोकांना चाट पाडायचो. चार बोटांचासुद्धा फरक यायचा नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालं असतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आमच्याकडे पन्नास मीटरचा एक टेप होता. एका टोकाला कडी, ती खुंटीत अडकवायची आणि दुसरीकडे वाचायचं. खो-खोच्या सामन्यांच्या वेळी कुणाच्या तरी मोटारसायकलखाली तो आला आणि कडीकडचा भाग फाटला. नव्यासाठी मागणीपत्र दिलं. मागणीपत्र ज्या कपाटात गेलं त्या कपाटात अजून असेल. मी फाटका भाग बरोब्बर एक मीटरच्या खुणेवर कापला, कडी पुन्हा रिव्हेटने बसवली आणि वेळ निभावली. म्हणजे टेप शून्यापासून नाही, एकपासून सुरू व्हायचा. ही युक्ती सगळे मैदानवाले करतात. फक्त लक्षात ठेवायचं की चाळीस मीटर हवे असतील तर एक्केचाळीसवर खूण करायची. दोन वर्षं मी तसंच केलं आणि एकदाही चुकलो नाही.

मग एका डिसेंबरात युवा महोत्सवाचा मोठा मांडव मैदानात पडला. मांडव निघाल्यावर नवीन मुरूम आला आणि जेसीबीवाल्याने सपाट करताना माझ्या जमिनीत गाडलेल्या लोखंडी खुंट्या उपटून टाकल्या. या खुंट्या म्हणजे ट्रॅकची नाळ. दोन खुंट्या दोन्ही बाजूंच्या अर्धगोलांच्या मध्यावर असतात. त्यांना दोरी बांधायची आणि कंपाससारखं फिरायचं. त्या असल्या की दरवर्षी मोजायची गरज पडत नाही. त्या गेल्या म्हणजे सगळं पहिल्यापासून मोजायचं. दुसऱ्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. हाताशी माणूस नाही. मी सुरेखाताईंना खालून हाक मारली.

“ताई, जरा कडी धरता का? पाच मिनिटांचं काम.”

त्या पदर खोचून आल्या, कडी खुंटीत अडकवून उभ्या राहिल्या आणि मी टेप घेऊन लांब गेलो. एरवी कडी मीच अडकवायचो, कापलेला भाग डोळ्यांसमोर यायचा. त्या दिवशी मी फक्त वाचणाऱ्या टोकाला होतो. सरळ बाजूला चाळीस हवे होते, मी चाळीसवर खूण केली. गोलाची त्रिज्या एकोणीस मीटर दहा सेंटिमीटर हवी होती, मी एकोणीस दहावर दोरीला गाठ मारली. अंधार पडायच्या आत ट्रॅक तयार झाला. सुरेखाताई म्हणाल्या, “किती सुंदर दिसतोय हो.” आणि खरंच सुंदर दिसत होता.

त्यानंतर आमच्या मैदानाचं नाव झालं. पोलीस भरतीच्या पोरांमध्ये बातमी लागली की संकुलाच्या ट्रॅकवर टायमिंग भारी येतं. भरतीची गंमत अशी की आधी मैदानी परीक्षा, तिथे गुण पडले तर लेखीला बोलावतात. पोरं ‘मैदानी’ म्हणतच नाहीत, ‘ग्राउंड’ म्हणतात. मुलींना आठशे मीटर, मुलांना सोळाशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सेकंदांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. एक पायरी चुकली की दोन गुण जातात. त्यामुळे पोरं सेकंदांसाठी जीव टाकतात. वांगणीपासून उल्हासनगरपर्यंतची पोरं आमच्याकडे यायला लागली. “काका, तुमच्या मातीत पाय आपोआप पळतात,” असं म्हणायची. मी मान हलवून सांगायचो, “मुरूम कुठला आहे बघ. आणि पाणी किती वाजता मारतो ते विचार.” त्या पाण्याच्या वेळेवर मी एका क्रीडाशिक्षकांना अर्धा तास भाषण दिलं होतं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

या पोरांमध्ये प्रणाली होती. राहायला उल्हासनगर कॅम्प तीनला. वडील अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर, आई घरी बसून जीन्सचे धागे कापायची. प्रणाली दोन शेअर रिक्षा बदलून पहाटे मैदानावर हजर असायची, पळून झालं की नळावर तोंड धुवायची आणि डबा घेऊन अभ्यासिकेत जायची, ते संध्याकाळपर्यंत. अभ्यासिकेत जागा धरायला लोक खुर्चीवर रुमाल टाकतात, बाटली ठेवतात. प्रणालीने कधी काही ठेवलं नाही, तरी खिडकीजवळची ती एक खुर्ची कुणी घ्यायचं नाही. मी स्वतः तिची वेळ लावायचो. पूर्ण गुणांसाठी तिला दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायचं होतं. महिनाभर ती रोज दोन सत्तेचाळीस, दोन अठ्ठेचाळीस पळत होती.

“काका, पक्कं ना?” ती विचारायची.

“घड्याळ खोटं बोलत नाही पोरी.”

घड्याळ खोटं बोलत नव्हतंच.

भरतीचं ग्राउंड झालं. तिथे पायाला चिप बांधतात, सेकंदाचा हिशेब मशीन ठेवतं. प्रणालीला दोन चोपन्न लागले. दोन गुण गेले आणि लेखीच्या यादीत तिचं नाव एका गुणाने हुकलं. दुसऱ्या दिवशी ती अभ्यासिकेतली पुस्तकं न्यायला आली तेव्हा मी गेटवर होतो.

“काय झालं गं?”

“घाबरले काका. एवढी गर्दी, सगळे बघत होते. चौथ्या फेरीला इथे जे जमतं ते तिथे जमलं नाही. पप्पा बरोबर बोलतात, मी ऐन वेळी कच खाते. दहावीच्या गणितातपण असंच झालेलं.”

मी तिला म्हटलं, होतं असं, पुढच्या वेळी बघू. ती म्हणाली, पुढच्या वेळी कधी निघणार भरती? पप्पांनी कंपनीत सांगून ठेवलंय. पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून ती गेली. तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर आठवड्याभरात कुणाचा तरी रुमाल पडला.

त्या वेळी ग्राउंडला गेलेली आमची जवळजवळ सगळीच पोरं मागे पडली होती. कुणी म्हणालं बूट चावले. कुणी म्हणालं ऊन होतं. एकाला आदल्या दिवशीची झोप नव्हती. एकाने खाल्लेल्या केळ्याला दोष दिला. मैदानाला दोष देणारा एकही निघाला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? इथे अंगण खरोखर वाकडं होतं आणि पोरं आपल्याला नाचता येत नाही म्हणून स्वतःला कोसत होती.

एक माणूस मात्र मैदानाला पहिल्यापासून दोष देत होता आणि त्याला मी वेड्यात काढत होतो. कॅम्प तीनमधले मोटवानीशेठ. जीन्सचा कारखाना, वय सत्तरीचं, डॉक्टरने रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलेलं. “कॅम्प में चलने की जगह किधर है साईं, आदमी आदमी के ऊपर चलता है,” असं म्हणून ते स्कूटरवरून एवढ्या लांब यायचे. दोनशेच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर. त्यांच्या मनगटावर मुलाने दिलेलं चालणं मोजणारं घड्याळ होतं.

“भोईरभाऊ, तेरा ग्राउंड चोर है.”

“काय झालं शेठ?”

“पच्चीस राउंड मारा. घडी चार किलोमीटर आठ सौ बोलती है. दो सौ किधर गया?”

“शेठ, घडी बदला.”

त्यांनी खरंच घड्याळ बदललं. नवीन घड्याळही चार आठशेच म्हणालं. मी म्हटलं, तुम्ही आतून चालता, कोपरे कापता. ते चिडले. दुसऱ्या दिवसापासून बरोबर रेषेला धरून चालायला लागले, तरी बेरीज जुळेना. हे सगळं वर्षभर चाललं. मला तो रोजचा विनोद झाला होता. अभ्यासिकेतली पोरंही विचारायची, “शेठ, आज किती चोरीला गेलं?”

भरतीचा निकाल लागून दोन महिने झाले असतील. एके दिवशी सकाळी शेठ स्कूटरवरून उतरले ते हातात लोखंडी मीटर घेऊन. कापडाच्या दुकानात असतो तो.

“टेप ला तेरा.”

“शेठ, राहू द्या ना आता.”

“हम कपडे का धंदा करते हैं. मीटर में खानेवाला हमको दूर से दिखता है. तू ला.”

मी हसत हसत टेप आणला. पाच-सात पोरं गोळा झाली. शेठने टेपची कडी माझ्या हातात दिली, मीटर टेपच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवून वाकले. मीटर जिथे संपला तिथे टेपवर दोनचा आकडा होता.

ते काही बोलायच्या आधीच मला कळलं. कडी हातात होती, रिव्हेट दिसत होतं, मीच मारलेलं. त्या संध्याकाळी मी कुठल्या टोकाला उभा होतो तेही आठवलं. मी खाली बसलो. शेठना वाटलं चक्कर आली, ते पाणी आणायला धावले. बिचारे नंतर एकदाही ‘मी सांगत होतो’ म्हणाले नाहीत.

हिशेब सरळ आहे. दोन सरळ बाजूंना एकेक मीटर गेला, ते दोन. त्रिज्येत एक मीटर गेला की पूर्ण गोलात सहा मीटरहून जास्त जातात. एका फेरीला आठ मीटरच्या वर. आठशे मीटरला तेहतीस मीटर कमी. प्रणालीच्या वेगाने तेहतीस मीटर म्हणजे सात सेकंद. दोन सत्तेचाळीस आणि सात, दोन चोपन्न. पोरगी भरतीच्या ग्राउंडवर घाबरली नव्हती, ती जशी रोज पळायची तशीच पळाली होती. रोज तिला मी खोटं सांगत होतो.

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “भोईर, गुपचूप नवीन आखून टाका. बोंबाबोंब करू नका. पेपरवाले आले तर तुमचंही निवृत्तीचं वर्ष जवळ आलंय.” मी दोन दिवसांत नवीन खुंट्या गाडल्या, शेठच्या ओळखीने आणलेल्या चांगल्या टेपने तीनदा मोजलं आणि ट्रॅक पुन्हा आखला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेठच्या मीटरभोवती जमलेल्या पोरांना वाटलं, टेप जुना झाला, बदलला. एवढंच बोलू लागली की आजकाल मैदान जड झालंय. मी गप्प राहिलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. वाटलं, निभावलं.

बरं वाटणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी बायकोने ताट पुढ्यातून उचललं. “तुमचे पोटान काय हाय तं सांगा ना एकदाचा. चार दिस झाले, भाकरीला हात नाय लावलाव.” मी सांगितलं. तिने ताट परत पुढ्यात ठेवलं. मग म्हणाली, “पोरीचे बापाला कोन सांगनार?” तिने पोरीला कोण सांगणार असं विचारलं नाही. बायकांना नेमकं कळतं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या फळ्यावर मी स्वतः लिहिलं. आपल्या ट्रॅकची एक फेरी आठ मीटरने कमी होती, चूक माझी होती, मापं चुकली, आठशेला सात सेकंद आणि सोळाशेला चौदा-पंधरा सेकंद आपापल्या जुन्या वेळेत मिळवून घ्या. खाली सही केली. पोरं जमली. एकजण माझ्या अंगावर धावून आला, त्याला इतरांनी धरलं. धरायला नको होतं. एकजण नुसता म्हणाला, “काका, वर्षभर?” सुरेखाताई रडायला लागल्या, “कडी मीच धरली होती.” मी त्यांना सांगितलं, कडी धरणाऱ्याचा दोष नसतो ताई, वाचणाऱ्याचा असतो. साहेबांनी मला नोटीस दिली. उत्तरात मी एकच ओळ लिहिली, ‘मान्य आहे.’

पण प्रणाली अभ्यासिकेत येत नव्हती. ती फळा कुठून वाचणार?

आनंदनगरमध्ये ती पॅकिंगला लागली होती. पाळी सुटायच्या वेळी मी कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर उभा राहिलो. निळा कोट घातलेल्या मुलींच्या घोळक्यात ती दिसली. मला बघून हसली, “काका, तुम्ही इकडे?” मी तिला सगळं उभ्या उभ्या सांगितलं. कापलेला टेप, एक्केचाळीसची खूण, तेहतीस मीटर. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मला वाटलं आता ती मला बोलणार. मी तयार होतो.

“म्हणजे मी घाबरले नव्हते?”

“नाही गं.”

“परत बोला.”

“तू घाबरली नव्हतीस. तू रोजच्यासारखीच पळालीस.”

तिने निळ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मग एकदम तिचा आवाज चढला. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

“काका, तुम्हाला माहितेय घरी काय चालू आहे? पप्पा रोज बोलतात. भांडी घासताना हातातून ताट पडलं तरी बोलतात, ऐन वेळी कच खाल्लीस. आलेल्या पाहुण्यांना सांगतात, हिला सगळं येतं, फक्त वेळेवर येत नाही. आणि मला ते खरं वाटायला लागलंय. मला सांगून काय करू मी? घरी या. त्यांना सांगा. आत्ता या.”

मी म्हटलं, चल.

दोन रिक्षा बदलून आम्ही कॅम्प तीनला पोचलो. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दारात जीन्सच्या पँटचा ढीग, त्यात तिची आई कात्री घेऊन बसलेली. वडील नुकतेच कामावरून आले होते, बनियनवर. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं.

फिटर माणूस. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मी ‘टेप एक मीटरवर कापला’ म्हणालो तिथेच त्यांचे डोळे बदलले.

“आणि शून्य कुठे धरलं?”

“कडीवर धरलं.”

“अहो, आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात हे! कापलेल्या पट्टीने मोजायचं नाही म्हणून. किती वर्षं नोकरी केलीत?”

“एकतीस.”

“एकतीस वर्षं!” ते हात जोडल्यासारखं करून माझ्यावर ओरडले. “माझ्या पोरीचं वर्ष खाल्लंत तुम्ही. भरती काय दरवर्षी निघते का? एका गुणाने गेली ती. एका गुणाने!”

मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता. आईने कात्री खाली ठेवली होती. ओरडून झाल्यावर ते दम खायला थांबले आणि त्या शांततेत त्यांची नजर प्रणालीकडे गेली. ती दारात, चपलाही न काढता उभी होती.  ते नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. मी निघालो तेव्हा कुणी चहा विचारला नाही आणि तेच बरं झालं.

त्या रविवारी सकाळी मी मैदानाला पाणी मारून रोलर फिरवत होतो. गेटातून बापलेक आले. तिच्या पायात पळायचे बूट होते. त्यांच्या हातात स्टीलचा टेप होता.

“मोजायचंय,” ते मला म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी खुंटीपासून खुंटीपर्यंत मोजलं. त्रिज्या चार ठिकाणी मोजली. कडी तिच्या हातात आणि प्रत्येक वेळी ते स्वतः जाऊन कडीचं टोक बोटाने चाचपून यायचे. सरळ बाजू दोनदा मोजली. अर्धा-पाऊण तास लागला. मी लांब रोलरला टेकून उभा होतो, शाळेत बाकावर उभं केल्यासारखा. शेवटी त्यांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, “बरोबर आहे.” मग माझ्यापुढे हात केला. मला आधी कळलं नाही. त्यांना स्टॉपवॉच हवं होतं.

ती सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली. दोन महिने सवय सुटलेली, त्यात कंपनीत आठ तास उभं राहून पाय सुजलेले. पहिल्या फेरीत ती सुरेख पळाली, दुसरीत चेहरा लाल झाला, तिसरीत तिचा दम तुटायला लागला. ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते. तिसऱ्या फेरीत ती आमच्या समोरून गेली तेव्हा ते उभे राहिले. नंतर मला कळलं, पोरगी तीन वर्षं पळत होती आणि बापाने तिला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या पळण्याच्या वेळी ते नेहमी कामाच्या पाळीवर असायचे. चौथ्या फेरीला ते रेषेच्या आतून तिच्या बरोबरीने धावायला लागले, पँट वर धरून, चपलांसकट. माझी फक्की सगळी पुसली. मी पुसू दिली.

तिने रेषा ओलांडली आणि गुडघे धरून वाकली. त्यांनी घड्याळ दाबलं, डोळ्यांजवळ नेलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“तीन मिनिटं एक सेकंद. खरे आहेत ना हे?”

“खरे आहेत. तुम्हीच मोजलंय भाऊ.”

ते तिच्याजवळ गेले. ती अजून धापा टाकत होती, मान वर करायची ताकद नव्हती. त्यांनी तिच्या घामेजलेल्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

“ऐकलंस ना? खरे आहेत. अकरा सेकंद कमी करायचेत फक्त. आणि माझं ते बोलणं, कच खाल्ली म्हणायचो ते, ते माझं चुकलं बाळा. माझं माप चुकलं.”